नियम जाहीर, परीक्षा मात्र कुलुपात!

परीक्षा घेणारा आणि परीक्षेला बसणारा हे दोघेही एकाच बाजारपेठेत दुकान थाटून बसलेले असतील, तर निकाल काय लागणार हे सांगायला कोणत्याही ज्योतिषाची गरज नाही. अभ्यासक्रम छापून सर्वांना वाटायचा, ‘कुणीही यावे, परीक्षेला बसावे’ अशी दवंडी पिटायची आणि प्रत्यक्षात हॉलतिकीट मात्र अशा अटींवर द्यायचे की, स्वाभिमानी माणसाने ते हातातच घेऊ नये! असा प्रकार संगणकाच्या जगात घडून गेला. त्यातील एक पक्ष आज इतिहासजमा झाला आहे. पण त्या प्रकरणाने उभा केलेला प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही.

या प्रकरणाची आठवण होण्याचे कारण असे की, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा आमच्या ओळखीचा एक तरुण मध्यंतरी आमच्याकडे आला होता. त्याचा प्रश्न साधा होता. ‘सर, जावा मुक्त आहे, तिचा सोर्स कोड कुणालाही मिळतो, असे आम्हाला शिकवले. मग आपण तयार केलेली जावा बरोबर आहे की नाही हे तपासण्याचा चाचणी-संच घ्यायचा म्हटले की वेगळा करार, वेगळी गुप्तता, असे का?’ आम्ही संगणकाचे जाणकार नाही. पण करार वाचणे हा आमचा व्यवसाय आहे. म्हणून आम्ही या प्रकरणाचे कागद वाचले. वाचल्यावर आमचे असे मत झाले की, हे प्रकरण केवळ संगणकवाल्यांचे नाही. लिखित हक्क मिळूनही माणूस रिकाम्या हाताने कसा परततो, याचा तो एक नमुनेदार धडा आहे. म्हणून तो चळवळीच्या वाचकांपुढे मांडत आहोत.

एकदा लिहा, कुठेही चालवा

‘सन मायक्रोसिस्टिम्स’ या अमेरिकन कंपनीने १९९५ साली जावा ही संगणकाची भाषा जगापुढे आणली. तिचे वचन एका वाक्यात होते: एकदा लिहा, कुठेही चालवा. म्हणजे प्रोग्राम एकदाच लिहायचा आणि तो कोणत्याही कंपनीच्या संगणकावर जसाच्या तसा चालला पाहिजे. घरातल्या विजेच्या प्लगचे जसे असते तसेच हे आहे. प्लग कोणत्याही कंपनीचा असो, तो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसला पाहिजे. त्यासाठी सॉकेटचे माप ठरलेले असावे लागते आणि बाजारात आलेला प्रत्येक प्लग त्या मापाचा आहे की नाही हे तपासण्याचे साधनही असावे लागते. जावाच्या बाबतीत हे माप म्हणजे तिचे छापील विनिर्देश आणि तपासण्याचे साधन म्हणजे हजारो छोट्या चाचण्यांचा एक संच. या संचाला ‘टेक्नॉलॉजी कम्पॅटिबिलिटी किट’ म्हणजेच टीसीके म्हणतात.

हा चाचणी-संच मुळातच वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. उलट त्याची गरज होती आणि ती का होती हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मायक्रोसॉफ्टने जावाचा परवाना घेतला आणि फक्त विंडोजवर चालेल अशी स्वतःची भर तिच्यात घातली. हे जर चालू दिले असते, तर ‘कुठेही चालवा’ हे वचन दोन वर्षांत मातीमोल झाले असते. सनने ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचले. जानेवारी २००१ मध्ये २ कोटी डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने ते प्रकरण मिटवले. बलाढ्य कंपनीने सर्वांचे माप मोडू नये म्हणून कसोटी हवी, हे सनचे म्हणणे तेव्हा रास्तच होते.

पण इतिहासाचा अनुभव असा आहे की, बलाढ्यापासून बचावासाठी हातात घेतलेली काठी, पुढे दुर्बलाला अडवण्यासाठीही वापरली जाते. जावाच्या बाबतीत नेमके हेच झाले.

२००२ चा शब्द

जावाचे माप ठरवण्यासाठी सनने १९९८ साली ‘जावा कम्युनिटी प्रोसेस’ नावाची एक व्यवस्था उभी केली. मोठमोठ्या कंपन्या, संस्था आणि काही स्वतंत्र प्रोग्रामर तिचे सदस्य झाले. तिच्या कार्यकारी समितीत मतदान होत असे. वरवर पाहता ही लोकशाहीच होती. या व्यवस्थेत बसण्यासाठी प्रत्येक सदस्याला एका सहभाग करारावर सही करावी लागे. सननेही त्यावर सही केली होती. जी कंपनी एखाद्या मापाचे नेतृत्व करील, तिनेच त्या मापाचा चाचणी-संच तयार करायचा आणि इतरांना द्यायचा, अशी ही रचना होती.

या व्यवस्थेत ‘अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्थाही होती. १९९९ साली अमेरिकेत स्थापन झालेली ही ना-नफा संस्था. जगभरातील प्रोग्रामर तिच्यासाठी स्वेच्छेने काम करतात आणि तयार झालेले सॉफ्टवेअर कुणालाही, कोणत्याही कामासाठी, विनामूल्य वापरता येते. संकेतस्थळे चालवणारा तिचा वेब सर्व्हर हा त्या काळी जगात सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर होता. अपाचेने सनपुढे एक सरळ मुद्दा मांडला. मुक्त सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना जावाचे माप वापरून स्वतःची जावा लिहिण्याचा हक्क आहे की नाही? असेल तर तो कागदावर आणा.

मार्च २००२ मध्ये सनने हा मुद्दा मान्य केला. सहभाग करारात बदल झाला. स्वतंत्रपणे, स्वतःच्या मेहनतीने जावा तयार करणाऱ्याच्या वाटेत मापाचे नेतृत्व करणारी कंपनी कराराच्या अटी घालून अडथळा आणणार नाही, हे तत्त्व त्यात आले. पात्र ना-नफा संस्थांना चाचणी-संच विनामूल्य देण्याचेही सनने मान्य केले. संगणकाच्या जगात या घटनेचे मोठे स्वागत झाले. जे लढून मिळाले ते कागदावर आले, आता चिंता मिटली, असे अनेकांना वाटले.

वाचकहो, कागदावर आलेला हक्क हा लढ्याचा शेवट नसतो. तो लढ्याचा पहिला टप्पा असतो.

हार्मनीची कहाणी

मे २००५ मध्ये अपाचेत ‘हार्मनी’ नावाचा प्रकल्प मांडला गेला. सनच्या सोर्स कोडला हात न लावता, केवळ छापील माप समोर ठेवून, जावाची पूर्णपणे स्वतंत्र आणि मुक्त आवृत्ती लिहायची, हा त्याचा उद्देश. गीअर मॅग्नुसन हे त्याचे पुढारी होते. आयबीएम आणि इंटेल या कंपन्यांनीही त्याला कोड दिला. काम वेगाने पुढे गेले. आता राहिला प्रश्न परीक्षेचा.

ही परीक्षा हौसेची नव्हती. जावाचे छापील माप वापरण्याचा परवाना सनने अशा रीतीने लिहिला होता की, चाचणी-संच उत्तीर्ण होणाऱ्यालाच सनच्या बौद्धिक मालमत्तेच्या हक्कांचे संरक्षण मिळेल. परीक्षा उत्तीर्ण नाही तर ‘जावा’ हे नाव नाही आणि पेटंटच्या दाव्यापासून संरक्षणही नाही. म्हणजे चाचणी-संच हे नुसते प्रमाणपत्र नव्हते. तो गावात शिरण्याचा एकमेव दरवाजा होता आणि त्याची किल्ली सनच्या कमरेला होती.

ऑगस्ट २००६ मध्ये अपाचेने सनकडे रीतसर चाचणी-संच मागितला. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. अपाचे ही काही पहिल्यांदाच परीक्षेला बसणारी संस्था नव्हती. ‘जेरोनिमो’ नावाचा तिचा दुसरा प्रकल्प, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे व्यवहार चालवणारा जावा सर्व्हर, त्याआधीच सनच्या चाचणी-संचातून उत्तीर्ण झाला होता. तेव्हा संच मिळाला, अटी पाळल्या गेल्या, कुणाचे काही बिघडले नाही. मग हार्मनीच्याच वेळी अडचण कोठून आली?

मेख कोठे मारली होती?

सनने संच देण्यास सरळ नकार दिला नाही. प्रस्थापित व्यवस्था सरळ नकार देत नाही, हे आम्ही न्यायालयाच्या आवारात रोज पाहतो. ती होकार देते आणि सोबत एक अट जोडते. सनने देऊ केलेल्या परवान्यात वापराच्या क्षेत्रावर मर्यादा होती. या संचाने तपासलेली जावा सर्वसाधारण संगणकावर चालवता येईल. पण मोबाइल फोनमध्ये, किंवा ठरावीक कामासाठी पेटीत बंद केलेल्या यंत्रात ती चालवता येणार नाही!

वरवर पाहता ही अट किरकोळ वाटते. संगणकासाठी तर मिळते आहे ना, मग फोनचा हट्ट कशाला, असे एखादा म्हणेल. पण ही अट स्वीकारणे अपाचेला कायद्यानेच अशक्य होते. कारण मुक्त सॉफ्टवेअरची म्हणून जी व्याख्या १९९८ पासून प्रचलित आहे, तिचे सहावे कलम सांगते की, वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करता येणार नाही. व्यापारात वापरा, शाळेत वापरा, दवाखान्यात वापरा, फोनमध्ये वापरा, परवाना सर्वांना सारखाच. अपाचेचा स्वतःचा परवानाही हेच सांगतो. आता एका हाताने सर्वांना ‘कुठेही वापरा’ असा परवाना द्यायचा आणि दुसऱ्या हाताने सनला ‘फोनमध्ये वापरू देणार नाही’ असे लिहून द्यायचे, हे कसे शक्य आहे? सही केली असती तर हार्मनी परीक्षा उत्तीर्ण झाली असती, पण मुक्त राहिली नसती. सही नाही केली तर मुक्त राहिली असती, पण जावा म्हणवली गेली नसती. अशी ही खिंड होती आणि अपाचेला बरोबर या खिंडीत गाठण्यात आले होते.

फोनचाच अडथळा का, याचेही उत्तर अवघड नाही. मोबाइलसाठी सनची जावाची वेगळी आवृत्ती होती आणि फोन तयार करणाऱ्या कंपन्या तिच्या परवान्यासाठी पैसे मोजत. मुक्त आणि विनामूल्य जावा फोनमध्ये शिरली असती तर ते उत्पन्न धोक्यात आले असते. म्हणजे ‘जावाचे तुकडे होऊ नयेत’ हे जे कारण सांगितले जात होते, ते या अटीला लागूच पडत नव्हते. तुकडे होऊ नयेत म्हणून तर चाचणी होती! जी जावा हजारो चाचण्यांतून तावूनसुलाखून निघाली, ती फोनमध्ये गेल्याने माप कसे मोडणार होते? मापाचे रक्षण चाचणीने होते. अटीने रक्षण होत होते ते गल्ल्याचे.

खुले पत्र आणि त्यानंतर

१० एप्रिल २००७ रोजी अपाचेने सनचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांना खुले पत्र लिहिले. पत्राची भाषा सभ्य, मुद्दा नेमका. तुम्ही सही केलेल्या सहभाग करारात असे बंधन घालण्यास मनाई आहे. तरीही तुम्ही ते घालत आहात. तीस दिवसांत बंधनमुक्त परवाना द्या, किंवा कोणत्या आधारावर नाकारता ते जाहीर करा. तीस दिवस उलटले. अट उठली नाही.

त्याच काळात सन स्वतः मुक्त सॉफ्टवेअरची मोठी पुरस्कर्ती म्हणून मिरवत होती, हा यातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सनने आपली जावा जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली करण्याची घोषणा केली. जगभर टाळ्या पडल्या. पुढे ऑगस्ट २००७ मध्ये सनने चाचणी-संचासाठी एक नवा परवानाही आणला. तो कुणासाठी? ज्यांची जावा मुख्यतः सनच्याच खुल्या केलेल्या कोडवर उभी आहे आणि जीपीएलखालीच वाटली जाते, त्यांच्यासाठी. जून २००८ मध्ये रेड हॅट कंपनीच्या प्रोग्रामरांनी अशी जावा या परीक्षेत उत्तीर्णही करून दाखवली.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आमच्या बियाण्याचे पीक घ्याल तर बाजार समितीत तुमचे वजन करू. स्वतःचे बियाणे घेऊन याल तर काटा बंद! हार्मनीचा गुन्हा एवढाच होता की, ती स्वतंत्र होती. करारात संरक्षण दिले होते ते स्वतंत्र निर्मितीला, आणि प्रत्यक्षात वगळली गेली तीही स्वतंत्र निर्मितीच. कृपेने मिळणारे आणि हक्काने मिळणारे यांतला फरक असा असतो. सनने कोड खुला केला हे चांगलेच झाले. त्याचा फायदा आजही जग घेत आहे. पण दानाने हक्काची परतफेड होत नाही.

विरोधी बाकावरून सत्तेच्या खुर्चीवर

यानंतर या नाट्यात तिसरे पात्र आले, ते म्हणजे ओरॅकल ही कंपनी. डिसेंबर २००७ मध्ये जावाच्या कार्यकारी समितीत याच ओरॅकलने ठराव मांडला होता की, ही सारी प्रक्रिया कोणत्याही एका कंपनीच्या ताब्यात नसलेली, खुली आणि स्वतंत्र झाली पाहिजे, सर्व सदस्यांना समान पातळीवर वागवले पाहिजे. भाषा किती सुंदर! एप्रिल २००९ मध्ये ओरॅकलने सुमारे ७.४ अब्ज डॉलरला सन विकत घेण्याचा करार केला आणि जानेवारी २०१० मध्ये व्यवहार पूर्ण झाला. किल्ली आता ओरॅकलच्या कमरेला आली. आणि ओरॅकलने काय केले? जी अट सनची होती, तीच कायम ठेवली. विरोधी बाकावर असताना समतेचे ठराव मांडणारे खुर्चीवर बसताच कसे बदलतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ऑक्टोबर २०१० मध्ये आयबीएमनेही पाठ फिरवली. हार्मनीत मोठे योगदान देणाऱ्या या कंपनीने ओरॅकलशी हातमिळवणी करून आपले मनुष्यबळ ओरॅकलच्या कोडकडे वळवले. त्याच सुमारास झालेल्या निवडणुकीत अपाचेला समितीवर ९५ टक्के मतांनी पुन्हा निवडून देण्यात आले होते. सभासदांचा कौल इतका स्पष्ट होता. पण डिसेंबर २०१० मध्ये जावाच्या सातव्या आवृत्तीवर समितीत मतदान झाले तेव्हा बाजूने १२ मते पडली, विरोधात फक्त ३: अपाचे, गूगल आणि टिम पीअर्ल्स हे स्वतंत्र प्रोग्रामर. बाजूने मत देणाऱ्यांपैकी काहींनी ‘परवान्याच्या अटी आम्हाला पटत नाहीत’ असे लेखी नोंदवले, आणि तरीही होकाराचे बटण दाबले! ९ डिसेंबर २०१० रोजी अपाचे या समितीतून बाहेर पडली. नोव्हेंबर २०११ मध्ये हार्मनी प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळून ठेवण्यात आला.

हार्मनी गेली, पण तिचा कोड फोनमध्ये

तोपर्यंत एक मजेशीर गोष्ट घडून गेली होती. ज्या फोनमध्ये हार्मनी शिरू नये म्हणून हा सारा खटाटोप झाला, त्याच फोनमध्ये ती शिरली होती! गूगलने नोव्हेंबर २००७ मध्ये अँड्रॉइड जाहीर केले. त्यातील जावाच्या मूलभूत ग्रंथसंग्रहाचा बराच भाग हार्मनीतून घेतलेला होता. गूगलने त्याला जावा म्हटले नाही आणि परीक्षाही दिली नाही. ना-नफा संस्था दारात अर्ज घेऊन चार वर्षे उभी राहिली. धनाढ्य कंपनी दाराकडे न बघता कुंपणावरून आत गेली. या लेखाच्या वाचकांपैकी ज्यांनी २०१६ पूर्वी अँड्रॉइड फोन वापरला असेल, त्यांच्या खिशात हार्मनीचा कोड होता. त्यानंतरच्या आवृत्तीपासून गूगलनेही ओपनजेडीके, म्हणजे सनने खुला केलेला कोड, स्वीकारला.

ऑगस्ट २०१० मध्ये ओरॅकलने गूगलवर दावा लावला. तो अकरा वर्षे चालला. मे २०११ मध्ये हार्मनीच्या कागदपत्रांसाठी अपाचेवरही समन्स बजावण्यात आले. २०१२ साली न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी जावाच्या आज्ञांच्या रचनेवर कॉपीराइट असू शकत नाही असा निर्णय दिला. २०१४ मध्ये अपिलात तो फिरला. २०१६ मध्ये ज्युरीने गूगलचा वापर न्याय्य ठरवला. २०१८ मध्ये अपिलात तोही फिरला. अखेर ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला. सुमारे साडेअकरा हजार ओळींचा तो वापर न्याय्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या रचनेवर मुळात कॉपीराइट असू शकतो की नाही, या प्रश्नाला मात्र न्यायालयाने बगल दिली.

हा निकाल महत्त्वाचा आहे. पण त्याने कुणाला न्याय मिळाला, हेही पाहिले पाहिजे. अकरा वर्षे, दोन खटले, दोन अपिले आणि सर्वोच्च न्यायालय, एवढा खर्च गूगल करू शकते. स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी संस्था हे करू शकत नाही. अपाचे या करारभंगाबद्दल न्यायालयात गेलीच नाही. कायद्याच्या पहिल्या वर्षाला विद्यार्थ्याला एक सूत्र शिकवतात: जेथे उपाय नाही, तेथे हक्क नाही. अपाचेचा हक्क करारात स्पष्ट होता, पण तो मोडला तर दाद कुठे मागायची? समितीत मागायची तर ठराव होत, अंमलबजावणी होत नसे. जी कंपनी करार मोडत होती तीच संचाची मालक, तीच परवान्याची लेखक आणि जावा या नावाचीही धनी. वादी उभा राहिला, पण प्रतिवादीच न्यायाधीश होता.

चूक कुणाची?

केवळ सन आणि ओरॅकलच्या नावाने बोटे मोडून आम्ही थांबलो, तर हे विश्लेषण अर्धवट राहील. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचेही काही चुकले. २००२ साली तत्त्व मान्य झाले तेव्हाच चाचणी-संचाच्या परवान्याचा मसुदा जोडपत्र म्हणून करारात का घेतला नाही? ‘संच देऊ’ एवढे शब्द पुरेसे नसतात. कोणत्या अटींवर, किती दिवसांत, आणि न दिल्यास काय, हे तीन मुद्दे लिहून घ्यावे लागतात. दुसरे असे की, हार्मनीचे काम आधी सुरू झाले आणि संच नंतर मागितला. घर बांधून झाल्यावर रस्त्याचा हक्क मागायला गेले की, रस्ता देणारा आपली किंमत लावतो. तिसरे, आयबीएमसारख्या कंपनीच्या खांद्यावर प्रकल्पाचा मोठा भार होता. तिचा स्वार्थ बदलला आणि खांदा निघून गेला. उसन्या खांद्यावर उभी राहिलेली कोणतीही चळवळ हा धोका पत्करूनच उभी असते.

तरीही अपाचेने सही केली नाही, याचे आम्हाला मोल वाटते. सही केली असती तर ‘उत्तीर्ण’ असा शिक्का मिळाला असता, बातम्या छापून आल्या असत्या. पण मुक्त सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्राची बंदी घालता येते, हा पायंडा पडला असता. तो पायंडा त्यांनी पडू दिला नाही. प्रकल्प गेला, तत्त्व राहिले.

आणि ते तत्त्व पुढे कामाला आले, हे विसरून चालणार नाही. २०१७ साली ओरॅकलने मोठ्या सर्व्हरसाठीची जावा ‘इक्लिप्स फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेकडे सोपवण्याचे ठरवले. २०१८ पासून तिचा चाचणी-संचच मुक्त सॉफ्टवेअर म्हणून खुला होऊ लागला. आता तो कुणीही वाचू शकतो, चालवू शकतो, त्यातली चूक दाखवू शकतो. मात्र संच दिला, तरी नाव दिले नाही! ‘जावा’ हे नाव ओरॅकलने आपल्याकडेच ठेवले. म्हणून त्या तंत्रज्ञानाला ‘जकार्ता’ हे नाव घ्यावे लागले आणि जुन्या कोडमधील ‘जावाएक्स’ ही नावेसुद्धा पुढे ‘जकार्ता’ अशी बदलावी लागली. मूळ जावाचा संच मात्र आजही ओरॅकलच्या परवान्याखालीच आहे. आमच्याकडे आलेल्या त्या तरुणाला पडलेला प्रश्न येथून आलेला आहे.

आपण काय शिकायचे?

हे सारे अमेरिकेत घडले, त्याचे आपल्याला काय, असे म्हणून चालणार नाही. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. मानक वापरण्यासाठी स्वामित्वधन मोजावे लागू नये, हा त्याचा गाभा आहे. धोरण चांगलेच आहे. पण हार्मनीचा धडा असा की, मानक खुले असणे पुरेसे नाही. ते पाळले गेले की नाही हे ठरवणारी कसोटीही खुली हवी. शिष्यवृत्ती, जमिनीचे उतारे, दाखले, रेशन, सारे काही संगणकावर गेलेल्या देशात हा प्रश्न फक्त अभियंत्यांचा राहत नाही. म्हणून ‘खुले’ या नावाखाली जे जे आपल्यापुढे येईल, त्याला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. नियम कुणी लिहिले? परीक्षा कुणाच्या ताब्यात आहे आणि कोणत्या अटींवर? आणि परीक्षकाने शब्द मोडला तर दाद कोणापुढे मागायची?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळेच आनंदाने देतात. दुसऱ्या प्रश्नाला कपाळावर आठ्या पडतात. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर करारावर सही करू नये.

आमच्या समाजातील हजारो मुले-मुली आज या क्षेत्रात काम करीत आहेत. कोड लिहिण्यात ती कुणालाही हार जाणार नाहीत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, कोडसोबत करारही वाचा. परवान्याची पाने कंटाळवाणी असतात, अक्षर बारीक असते आणि ‘मला मान्य आहे’ हे बटण मात्र मोठे असते. ते बटण दाबण्यापूर्वी बारीक अक्षर वाचणारा माणूस प्रत्येक कचेरीत एक तरी असला पाहिजे. त्या तरुणाला आम्ही हेच सांगितले आणि परवान्याची प्रत त्याच्याच हातात देऊन म्हटले, बस, पहिल्या पानापासून वाचू.